शिंगाची अन् बिनशिंगाची, एकाच गोठ्यात

आज आपण ढोरांच्या शिंगांवर बोलू.

गटाच्या कर्जातून आपण संकरित गाय घेतो. जर्सी किंवा एचएफच्या रक्ताची, म्हणजे मूळ थंड मुलखातली. पुष्कळदा तिची शिंगं लहानपणीच काढलेली असतात. गोठ्यात आधीपासून असते आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातली पूर्णाथडी म्हैस, मागं वळलेल्या लांब शिंगांची. शिवाय बैलजोडी. सारी एका गव्हाणीवर बांधली की शिंगवाली पोटभर खाते, बिनशिंगाची मागं सरते. दूध घटलं की आपण गाईला नावं ठेवतो. आणि एखादी ढुशी कासेला लागून सड फाटला, तर दूध थांबतं. हप्ता थांबत नाही.

म्हणून आम्ही गटात सांगतो, गव्हाणीत आडव्या बल्ल्या लावून प्रत्येकीचा खण वेगळा करा. दावं इतकंच ठेवा की शिंग शेजारणीच्या कासेपर्यंत पोचू नये. कुटार, ढेप सगळ्यांना एकाच वेळी टाका. पाण्यावर संकरित गाईला आधी सोडा. अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला की तीच आधी धापा टाकते. तिची सावली दुसरीनं बळकावू नये. म्हशीच्या अंगावरही दुपारी पाणी टाका.

मग शिंगं काढूनच टाकावी का? मोठ्या ढोराची नको. आत हाड असतं, रक्त असतं, वेदना फार होतात. उन्हाळ्यात शिंगांतून अंगातली थोडी उष्णताही बाहेर पडते. संकरित कालवडीची काढायची असतील, तर ती महिन्याची व्हायच्या आत, डॉक्टरांकडूनच, बधिर करून.

एक गोष्ट विसरू नका. बैलांना शिंगाचा कर्करोग होतो, जास्त करून ५ ते १० वर्षांच्या. बैल सारखं डोकं झटकतो, शिंग झाडाला घासतो, शिंग एका बाजूला कलतं, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं. यातलं काही दिसलं की वाट पाहू नका. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर बैल वाचू शकतो. १९६२ वर फोन करा, किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत न्या. पोळ्याला शिंगं रंगवताना बुडापासून हात फिरवून पाहा.

पुढच्या बैठकीत गाईचं कर्ज मंजूर करताना एवढं विचारा : ताई, तुझ्या गोठ्यात तिच्यासाठी वेगळा खण आहे का?