फेंडर, म्हैस आणि मे महिना



भाषणाचा विषय ऐकून काहींनी मला दारातच गाठलं, 'गाडीच्या रंगावर बोलण्यासारखं आहे तरी काय?' मलाही तसंच वाटायचं. मग गेल्या मे महिन्यात एका म्हशीनं माझ्या सिल्व्हर गाडीचा डावा फेंडर चेपवला.

डेंटिंगवाल्यानं ठोकून, लांबी भरून, पेपर मारून कंपनीच्या कोडाचाच रंग मारला. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली फरक दिसेना. पैसे देऊन मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी कारध्याच्या पुलावर तिरपं ऊन पडलं आणि फेंडर दुसऱ्याच गाडीचा वाटला. समोरून पांढुरका, बाजूनं काळपट.

रंगाचा डबा बरोबर होता. भंडाऱ्यासारख्या पितळेच्या गावात हे सांगायला फार लागत नाही. खरादलेला गुंड आणि मठारलेला गुंड, धातू एकच. उजेड मात्र दोघांवर वेगळा खेळतो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या चपट्या चकत्या असतात. रुंदी साधारण १० ते ३० मायक्रॉन, जाडी एका मायक्रॉनच्या आत. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा. या चकत्या कशा निजल्या त्यावर शेड ठरते. हात ओला पडला, तर जाड थरात त्या वेड्यावाकड्या राहतात आणि रंग समोरून गडद दिसतो. हात कोरडा पडला, की त्या आडव्या होतात. समोरून चकाकी, तिरकं बघाल तर काळोखी. कारखान्यात फिरत्या घंटेतून, विजेच्या भारानं रंग उडतो. इथे हवेची गन. त्यात आपला मे महिना! पारा पंचेचाळिशीला टेकतो, थिनर पत्र्यावर पोचायच्या आत अर्धं उडून जातं. संथ उडणारं थिनर न घेतल्यानं माझा फेंडर कोरडा बसला होता. महामार्गावरच्या साध्या पांढऱ्या ट्रकच्या रंगात चकत्याच नाहीत, त्याला ही भानगड नाही.

दुसऱ्या कारागिरानं आधी पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारला, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, चढवलं (क्लिअरशिवाय शेड बघूच नये) आणि तुकडा उन्हात गाडीला लावून तीन बाजूंनी पाहिला. मग म्हणाला, "साहेब, दाराला पण घ्यावं लागंल."

"दाराला काय झालं? म्हैस फेंडरला लागली."

"जुळवत नाही बसत. विरवतो."

फेंडरवरचा बेस, म्हणजे क्लिअरखालचा रंग, त्यानं दारावर फूटभर विरळ विरळ नेत धुक्यासारखा सोडला आणि क्लिअर मात्र अख्ख्या दारावर मारलं. मध्येच सोडलं तर कड दिसते. दोन शेडमधली रेघ पत्र्याच्या सांध्यावर राहिली की डोळा तिथेच अडतो. दारावर विरली की त्याला अडायला जागाच नाही. विम्याच्या अंदाजपत्रकात मात्र या न चेपलेल्या दाराचा खर्च बसवताना घाम फुटतो.

गाडी बाहेर उभी आहे, निंबाखाली. दिव्याखाली बघू नका. उद्या सकाळी आठला या, आणि थोडं तिरकं उभं राहा.