समुद्र घाटाखालीच आहे

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नाशिकमध्ये उभे राहून समुद्राविषयी बोलायचे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आपले शहर गोदावरीचे. आपल्या व्यवहारात द्राक्षे आहेत, कांदा आहे, अंबड-सातपूरचे कारखाने आहेत. समुद्र कोठेच नाही. म्हणून आरंभ आपल्याच पांडवलेण्यांपासून करतो. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने केलेल्या दानांची त्यात जंत्री आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि आपल्या नाशिकजवळचे गोवर्धन येथे त्याने प्रवाशांसाठी निवारे बांधले. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर लोकांना विनामूल्य पार नेणाऱ्या नावा ठेवल्या. यांतील पार आणि दमणगंगा या नद्या आपल्याच जिल्ह्यात उगम पावतात. डहाणुका म्हणजे आजचे डहाणू.

याचा अर्थ काय? नाशिकचा व्यापार घाट उतरून सागरतीरापर्यंत जात होता आणि त्या वाटेची चिंता वाहणे हे राज्यकर्त्याला पुण्यकर्म वाटत होते. ही वाट आपण कधी आणि का विसरलो, आणि आज ती पुन्हा धरण्यात आपले हित आहे काय, हा माझ्या विषयाचा गाभा आहे.

प्रथम आजची स्थिती पाहू. देशांतर्गत मालवाहतुकीपैकी साठ टक्क्यांहून अधिक भार रस्ते वाहतात. किनाऱ्या-किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजांचा वाटा सहा-सात टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यातही बहुतांश भाग वीजकेंद्रांचा कोळसा, खनिज तेल आणि सिमेंट यांचा. आपला कांदा, आपली यंत्रे, आपली औषधे रस्त्यानेच जातात. ज्या जपानशी आपण उद्योगात तुलना करतो, तेथे देशांतर्गत मालवाहतुकीचा, टन-किलोमीटरच्या हिशेबाने, चाळीस टक्क्यांच्या आसपासचा भाग किनारी जहाजे उचलतात. युरोपीय संघात हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश आहे.

याची किंमत कोण मोजतो? वाहतुकीच्या क्षेत्रात एक ठोकताळा नेहमी दिला जातो. एका अश्वशक्तीने रस्त्यावर सुमारे दीडशे किलो भार हलतो, रुळांवर पाचशे किलो आणि पाण्यावर चार हजार किलो. जो देश आपल्या गरजेचे पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, त्याने सर्वांत अधिक इंधन पिणारा मार्ग प्रथम क्रमांकावर ठेवावा, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते? दुसरी किंमत पैशात मोजता येत नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हे सर्व मृत्यू मालमोटारींमुळे झाले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कसारा घाटात पावसाळी रात्री मालमोटारींच्या रांगेतून ज्याने आपल्या कुटुंबाला घेऊन गाडी चालवली आहे, त्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

मग आपण समुद्राकडे पाठ का फिरवली? हा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची पायाभरणी केली, हे आपण जाणतो. किनाऱ्यावरील व्यापाराकडेही त्यांचे किती बारीक लक्ष होते, हे त्यांच्या १६७१ च्या एका पत्रावरून दिसते. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशाचे मीठ स्वस्त पडू लागले, तर घाटावरचे व्यापारी तिकडे वळतील आणि संगमेश्वरकडच्या मिठाचा व्यापार बुडेल, हे ओळखून त्यांनी कुडाळच्या आपल्या अधिकाऱ्याला बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा केली. मिठासारख्या साध्या वस्तूचा मार्ग बदलला की प्रांताचे अर्थकारण बदलते, ही ती दृष्टी होती.

इंग्रजी राजवटीत किनारा परक्या कंपन्यांच्या हाती गेला. त्याला आव्हान देण्यासाठी १९०६ मध्ये चिदंबरम पिल्लै यांनी तुतिकोरिन येथे स्वदेशी जहाज कंपनी उभी केली. दरयुद्धात आणि राजद्रोहाच्या खटल्यात ती चिरडली गेली. पुढे सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांच्या सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाले. तो दिवस आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. परक्या कंपन्यांनी सिंधियालाही दर पाडून घेरले. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, असे विधेयक १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात आणले, पण परकीय सत्तेखाली ते कायद्यात उतरले नाही. तो हक्क स्वातंत्र्यानंतर मिळाला.

बंधूंनो, येथे आत्मपरीक्षणाचा क्षण येतो. ज्या हक्कासाठी एक पिढी झगडली, तो हाती आल्यावर आपण त्याचे काय केले? किनारा आपल्या जहाजांसाठी राखीव झाला, पण जहाजे वाढली नाहीत. परदेशी मालाची वाट पाहणाऱ्या बंदरांत किनारी जहाजाला दुय्यम स्थान मिळाले. कागदपत्रे जवळजवळ परदेशी जहाजाइतकीच, इंधनावरील कराचा भार वेगळा. कोकणच्या पिढ्यान् पिढ्या ज्या बोटींनी मुंबईला आल्या, त्या बोटीही विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडल्या. दोष केवळ सरकारचा नव्हता. व्यापाऱ्याला दारात येणारी मालमोटार सोयीची वाटली, आणि ती सोयीची होतीच.

ही सोय नीट समजून घेतली पाहिजे. अन्यथा आपण भावनेच्या भरात चुकीचे निष्कर्ष काढू. पिंपळगावचा कांदा कोचीला पाठवायचा आहे असे समजा. मालमोटारीत तो एकदा चढतो आणि एकदा उतरतो. जहाजाने पाठवायचा तर तो कंटेनरमध्ये भरायचा, ट्रेलरने सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या न्हावा-शेवा बंदरात न्यायचा, तेथे उतरवायचा, जहाजावर चढवायचा, कोचीला पुन्हा उतरवायचा आणि पुन्हा ट्रेलरवर चढवून बाजारात न्यायचा. मुंबई ते कोची हे सागरी अंतर हजार किलोमीटरहून थोडे अधिक आहे. ताशी बारा सागरी मैल वेगाने ते सुमारे दोन दिवसांत कापता येते. पण बंदरातील प्रतीक्षा धरली तर एकूण आठवडा सहज जातो. समुद्रावर वाचलेला पैसा धक्क्यावर खर्च होतो. म्हणूनच जवळच्या अंतरासाठी मालमोटारच योग्य. अंतर हजार किलोमीटरच्या घरात गेले, की समुद्राचा विचार सुरू होतो.

प्रत्येक माल समुद्राला मानवतो असेही नाही. देशातल्या बाजारात जाणारी ताजी द्राक्षे घाईची. पण चाळीत महिनोन् महिने टिकणारा उन्हाळ कांदा, हवा खेळती ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये, आठवड्याच्या प्रवासाने बिघडत नाही. यंत्रांचे सुटे भाग, काच, खते, मद्य, वाहने यांनाही तीन दिवसांऐवजी सात दिवस लागले तर बहुधा चालते; मात्र सातवा दिवस हा सातवाच असला पाहिजे, दहावा नव्हे.

हे घडू शकते याचे पुरावे आपल्याच देशात आहेत. अंबुजा सिमेंटने १९९० च्या दशकात सौराष्ट्रातील मूळद्वारका येथे स्वतःचा धक्का बांधला आणि सुटे सिमेंट जहाजाने सुरत व पनवेलकडे आणण्यास आरंभ केला. मोरबीच्या फरशा कच्छच्या बंदरांतून कंटेनरने दक्षिणेत जातात. ऑक्टोबर २०१७ मध्ये चेन्नईहून १८५ मालमोटारी एकाच जहाजातून बांगलादेशातील मोंगला बंदराला गेल्या; एरव्ही त्या एकेक करून रस्त्याने चालवत न्याव्या लागत. आपल्याकडे मुंबई-मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० पासून सुरू झाली आणि शंभर किलोमीटरहून अधिकचा रस्ता तासाभराच्या जलप्रवासावर आला.

अपयशातूनही शिकावे. खंबातच्या आखातात घोघा-दहेज सेवा २०१७ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झाली. दहेजच्या बाजूला गाळ साचला, पुरेशी खोली राहिली नाही आणि ती सेवा खंडित झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये घोघा-हजिरा मार्ग घेतला गेला आणि सुमारे ३७० किलोमीटरचा रस्ता ९० किलोमीटरच्या सागरी अंतरावर आला. समुद्र फुकटचा महामार्ग आहे, असे म्हणतात. ते अर्धसत्य आहे. त्याचा गाळ काढावा लागतो, दीपस्तंभ राखावे लागतात, धक्के बांधावे लागतात.

या दिशेने शासनाची पावले पडली आहेत, हे नमूद केले पाहिजे. मोठ्या बंदरांत किनारी जहाजांना परदेशी जहाजांच्या साठ टक्क्यांपर्यंतच दर आकारण्याचे धोरण आले. किनाऱ्यालगत चालणाऱ्या नदी-सागरी जहाजांसाठी २०१३ मध्ये वेगळे, सुटसुटीत नियम झाले. २०१५ मध्ये सागरमाला योजना आली. २०२५ मध्ये संसदेने किनारी नौवहनाचा स्वतंत्र कायदा मंजूर केला. त्यात भारतीय जहाजांवरील परवान्याचे ओझे दूर केले आहे आणि किनारी व अंतर्गत जलवाहतुकीचा राष्ट्रीय आराखडा करण्याची तरतूद आहे.

आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डहाणूजवळचे वाढवण बंदर. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली. ते समृद्धी महामार्गाशी इगतपुरीजवळ जोडणाऱ्या सुमारे १०५ किलोमीटरच्या मार्गास २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संमती दिली. उषवदाताची नाशिक-डहाणू वाट पुन्हा उघडत आहे, असेच म्हणावे लागेल.

परंतु या आनंदात एक गोष्ट विसरून चालणार नाही. याच जागी बंदर करण्यास डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता. २०२३ मध्ये अटींसह अनुमती मिळाली. तेथील मच्छीमार बांधवांचा विरोध आजही आहे. तोही आपलाच समाज आहे. आपला कांदा स्वस्तात जावा म्हणून त्याच्या जाळ्यातली मासळी जात असेल, तर त्याला न्याय्य मोबदला, पर्यायी मासेमारीची जागा आणि बंदरातील रोजगारात खरा वाटा मिळाला पाहिजे. हे त्याच्यावर उपकार नव्हेत. ते आपले कर्तव्य आहे.

असाच प्रश्न मालमोटार चालकांचा. जहाज आले की त्यांची भाकरी जाईल काय, असे एका तरुणाने मला विचारले. त्याला मी सांगितले, की जहाज कधीच कोणाच्या दारात येत नाही. दारापासून धक्क्यापर्यंत आणि धक्क्यापासून बाजारापर्यंत चाके लागणारच. फरक एवढाच, की आज महिन्यातील पंचवीस रात्री ढाब्यावर काढणारा चालक उद्या नाशिक-बंदर अशी फेरी करून आपल्या घरी मुलाबाळांत परतू शकेल. इटलीने तर समुद्रमार्ग वापरणाऱ्या मालमोटारवाल्यांनाच भाड्यात सवलत दिली. ट्रकमालकाला शत्रू न मानता भागीदार केले, हे त्यातले मर्म आहे.

आता शेवटचा आणि आपल्या हातातला भाग. पाचशे कंटेनर वाहणारे लहानसे जहाज घेतले, तरी ते किमान अडीचशे ट्रेलरांचा भार उचलते. पण ते भरावे लागते, ठरल्या वारी भरावे लागते आणि परत येतानाही रिकामे येता कामा नये. कोचीहून रबर, मसाले, काथ्या येऊ शकतो; मात्र तो कोणाला हवा आहे, याची नोंद कोणी तरी ठेवली पाहिजे. एकटा व्यापारी हे करू शकत नाही. जहाज नाही म्हणून माल एकत्र होत नाही आणि माल एकत्र नाही म्हणून जहाज येत नाही, या कोंडीत आपण अडकलो आहोत. ती कोणा मंत्र्याच्या भाषणाने फुटणार नाही.

म्हणून पुन्हा त्या लेण्याकडे वळतो. तेथील दुसऱ्या एका शिलालेखात उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याचा उल्लेख आहे. नाव राजाने दिली. पैसा मात्र श्रेणीकडे सोपवला, कारण तिच्या शब्दाला बाजारात किंमत होती. आज धक्का, गाळ, कायदा हे शासनाचे काम आहे. श्रेणीचे काम आपले आहे. द्राक्ष बागायतदारांचे संघटन आपल्याकडे आहे, बाजार समित्या आहेत, सहकारी संस्था आहेत, उद्योजकांच्या संघटना आहेत. दक्षिणेत दर आठवड्याला नाशिकमधून किती टन कोणता माल जातो, एवढी एक सामायिक नोंद या सर्वांनी मिळून केली, तरी जहाज कंपनीशी बोलायला आधार मिळेल. आरंभ वीस कंटेनरांनी होऊ द्या. पण दर आठवड्याला वीस.

या सभागृहात व्यापारी आहेत, शेतकरी आहेत, संघटनेचे काम करणारे कार्यकर्ते आहेत. माणसे जोडण्याचा ज्यांना सराव आहे, त्यांना माल जोडणे अवघड जाऊ नये. समुद्र आपल्यापासून दूर नाही. घाट उतरला की तो आहे. तेथवर एकेकट्याने जायचे की मिळून, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.