एकच माल, निराळी बारदाने



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी बोनसवर किंवा मजूर-कायद्यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटले, संगणकाच्या आज्ञावलीची पुडकी कशी बांधतात व लोकांच्या हाती कशी देतात, यावर बोलतो. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही आले, ते मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्पीवर बसून वाचले म्हणून. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

प्रसंग असा. आमच्या संघटनेतल्या एका हमालाच्या मुलाने जळगावात एक लहानशी आज्ञावली लिहिली. पोती आणि वजन घातले की हमाली, तोलाई, वाराई यांचा हिशेब मराठीत छापून निघे. वर्षानुवर्षे तोंडी हिशेबावर मान डोलावणाऱ्या माणसांच्या हाती पावती आली. धुळ्याच्या मंडळींनी तीच मागितली. आम्ही नक्कल करून नेली, तर तिथे ती उघडेचना! तिथले यंत्र जुने, बत्तीस बिटांचे; आमची बांधणी चौसष्ट बिटांची. अमळनेरच्या एका शिक्षकमित्राकडे लिनक्स होते. त्याच्यासाठी मुलाने वेगळी बांधून दिली. ती उघडली, पण मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी.

माणसाने लिहिलेली आज्ञावली ही शेतातल्या घडासारखी असते. रावेर-यावलची केळी तीच. पण दिल्लीला जाणाऱ्या मालाची बांधणी निराळी, आणि पेटीत भरून आखातात जाणाऱ्या मालाची निराळी. तसे विंडोजचे पुडके वेगळे, ॲपलचे वेगळे, आणि लिनक्सच्या एका घरात डेबियनचे एक तर फेडोराचे दुसरेच. डेबियनचे पुडके सोडून पाहिले तर आत तीनच वस्तू निघतात: रचनेची खूण सांगणारा एक चिटोरा, माहितीची एक गठडी आणि प्रत्यक्ष मालाची दुसरी. माहितीची गठडी म्हणजे ट्रकवाल्याची बिल्टीच म्हणाना! मालाचे नाव काय, आवृत्ती कितवी, कोणत्या जातीच्या यंत्रासाठी, आणि चालण्यासाठी आधी दुसरे काय हजर असले पाहिजे, हे सारे तीत लिहिलेले असते. अमळनेरला अक्षरांच्या चौकटी का झाल्या? आमच्या बिल्टीत ‘देवनागरी टंक लागेल’ ही ओळच नव्हती.

हा टंक कुठला, तेही सांगण्यासारखे आहे. ‘लोहित’ नावाचे भारतीय लिप्यांचे टंक रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्यावर खुले केले, आणि त्यांची देखभाल पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षे केली. अक्षरे तीच, परंतु डेबियनात पुडक्याचे नाव ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ आणि फेडोरात ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’. आमच्या मुलाचा एक रविवार या नावाच्या फरकातच गेला.

आता माझी चूक. हमालीचे दर वाढले, नवी बांधणी झाली, आणि धुळ्याला ती पोचवण्याचे काम मी अंगावर घेतले. खिशात दोन पेनड्राइव्ह होते. पुडक्याचे नाव जुन्या-नव्याचे एकच. मी जुनेच बसवून आलो! अकरा दिवस धुळ्याची माणसे जुन्या दराने पैसे घेत होती. बोटांवर हिशेब करणाऱ्या एका म्हाताऱ्या हमालाने पावती माझ्यापुढे धरली आणि विचारले, “भाऊ, हाई मशीन खोटं बोलस का?” फरक पुढे वसूल झाला. परंतु दराच्या लढ्यात जे मिळवले, ते नावाच्या शेवटी आवृत्तीचा आकडा न घातल्याने अकरा दिवस गमावले होते.

मात्र पुडके नवे असले तरी ते खरे असेलच असे नाही. २७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. आपल्या केळ्यांच्या पेट्या ज्या बंदरातून परदेशी जातात, तेच हे बंदर. मूळ कारण कुठे होते? युक्रेनमध्ये! तिथे जमाखर्चाची एक आज्ञावली आहे, एम.ई.डॉक. तिची सुधारित पुडकी जिथून वाटली जात, तिथेच कोणी घुसून विष कालवले. ते टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क कंपनीला ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे तिच्याच अध्यक्षांनी पुढे सांगितले. गिऱ्हाइकाने काही चोरून आणले नव्हते हो. दुकानदाराकडूनच रीतसर घेतले होते.

२०२४च्या मार्चमधले ‘एक्सझेड’ प्रकरण तर याहून सूक्ष्म. विषाचा शेवटचा धागा उघड्या मूळ लिखाणात नव्हता, वाटपासाठी बांधलेल्या गठड्यात होता. आणि डेबियन वा फेडोरा जातीचे पुडके बांधताना तेवढा तो जागा होई. एका अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, म्हणून ते सापडले. माझे लक्ष मात्र दुसरीकडे गेले. जगभरच्या यंत्रांत बसणारे ते साधन एकच स्वयंसेवक विनामोबदला सांभाळत होता. तो थकला होता. मदतीला म्हणून जो आला, त्यानेच घात केला. कारखान्यात एका माणसावर चार साचे टाकले की काय होते, हे या सभेत अनेकांना ठाऊक आहे.

यावर उपाय म्हणून सही आली. विंडोजवर सहीविना पुडके उघडले की ‘प्रकाशक अनोळखी’ असा इशारा येतो. ॲपलकडे तपासणीची मोहोर लागते. सहीच्या प्रमाणपत्राला पैसे पडतात, आणि २०२३च्या जूनपासून सहीची किल्ली वेगळ्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते. हे योग्यच आहे. तरी हमालाच्या पोराने ते पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मी विचारणारच.

आम्ही सध्या गरिबाचा उपाय करतो. प्रत्येक पुडक्याचा एक ठसा काढता येतो, चौसष्ट अक्षरे-अंकांचा. आत एक टिंब बदलले तरी सारा ठसा बदलतो. पुडके पेनड्राइव्हवर जाते आणि ठसा वेगळ्या वाटेने, फोनवर. जळगावहून मुलगा वाचून दाखवतो, धुळ्याच्या ताई पडद्यावरचा ठसा पाहून एकेका अक्षरावर खूण करतात. गेल्या महिन्यात पहिल्याच अक्षरावर ताई थांबल्या. मुलाने पुन्हा वाचले, तरी जुळेना. पेनड्राइव्ह खराब झाला होता. तो तसाच परत आणला आणि मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नवा धाडला.