गोठवणीचा हिशेब आणि वऱ्हाडचे ऊन



स्वागत समितीच्या वतीने अकोल्यात आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून याच गावात आहे. इथल्या जिनिंग आणि डाळ मिलच्या जोडीला माल गोठवणारे कारखाने उभे राहावेत, ही आमची मनापासूनची इच्छा. आमच्याकडे सीताफळ आहे, भेंडी आहे, हिवाळ्यात तुरीचे सोले आहेत. हंगामात हा माल मातीमोल जातो आणि दोन महिन्यांनी शोधूनही मिळत नाही.

घोडे अडते ते विजेच्या बिलावर. एक टन सोले ३० अंशांवरून उणे १८ वर न्यायचे तर साधारण १०० युनिट उष्णता काढावी लागते. पद्धत कोणतीही घ्या, ही उष्णता तेवढीच. तिच्यासाठी किती वीज जळते, यात फरक पडतो. ब्लास्ट फ्रीझरमध्ये पंख्यांना वीज लागते आणि त्यांची उष्णता खोलीतच राहते, ती काढायला कॉम्प्रेसरला पुन्हा राबावे लागते. माल बराचसा गोठल्यावर पंख्याचा वेग निम्मा केला, तर पंख्याची वीज जवळजवळ आठव्या हिश्शावर येते. प्लेट फ्रीझरला पंखेच नसतात. सीताफळाच्या गराच्या चपट्या पाकिटांसाठी तो उत्तम, पण दाणे सुटे राहायला हवेत तर एकेक दाणा वेगळा गोठवणारा आयक्यूएफ फ्रीझरच लागतो. द्रव नायट्रोजनचे यंत्र स्वस्त पडते, मात्र किलोभर मालाला जवळपास किलोभर नायट्रोजन जातो आणि तो तयार करायला अर्धा युनिट तरी वीज लागते. म्हणजे टनामागे ५०० युनिट. ती आपल्या मीटरवर दिसत नाही, टँकरच्या बिलातून वसूल होते.

पण थंड मुलखात तयार झालेले वीजवापराचे तक्ते वऱ्हाडात जसेच्या तसे चालत नाहीत. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कंडेन्सरचे तापमान एका अंशाने चढले की कॉम्प्रेसरची वीज दोन-तीन टक्क्यांनी वाढते. मात्र आपले ऊन कोरडे आहे. ज्या कारणाने घरातला वाळ्याचा कूलर उन्हाळ्यात गारवा देतो, त्याच कारणाने पाणी शिंपडणारा बाष्पन कंडेन्सर इथे फार चांगला चालतो. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते: टनामागे दोन-तीनशे लिटर वाफ होऊन उडून जाते. अकोला शहर काटेपूर्णेच्या पाण्यावर जगते, तेव्हा हा आकडा लहान समजू नका. बोअर घ्यावी तर पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. ते पाणी महिनाभर वापरून कंडेन्सरची नळी पाहा: पांढरा, खरखरीत थर बसलेला असतो. उष्णता त्याच्यात अडते आणि कंडेन्सरने वाचवलेली वीज तिथेच परत जाते.

म्हणून पाहुण्या तज्ज्ञांना माझी आग्रहाची विनंती आहे. पद्धतींची तुलना मांडताना वीज आणि पाणी दोन्ही किलोमागे सांगा, आणि आकडा जानेवारीचा की मेचा तेही सांगा. पहाटे तोडलेला माल आधी गार पाण्यात निववून मग फ्रीझरमध्ये घातला तर किती युनिट वाचतात, हे आमच्या शेतकरी गटांना नेमके कळायला हवे. कारण शेतावर काढलेली उष्णता सर्वांत स्वस्त पडते आणि ते काम त्यांच्या हातात आहे.

 अध्यक्ष महोदयांनी आता परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.