पूर्वपक्ष आणि प्लेगची साथ

एखादी समजूत चुकीची आहे हे सिद्ध करणे वेगळे आणि ती लोकांच्या मनातून जाणे वेगळे. पहिल्यासाठी पुरावा पुरतो, दुसऱ्यासाठी ती समजूत कोणत्या अनुभवावर आणि कोणत्या भयावर उभी आहे हे आधी जाणावे लागते. भारतीय शास्त्रग्रंथांत आपला सिद्धान्त मांडण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजेच पूर्वपक्ष, मांडण्याची रीत आहे. शास्त्रचर्चेत हा पूर्वपक्ष युक्तिवादाच्या रूपाने समोर येतो. लोकव्यवहारात मात्र तो अफवेच्या किंवा दंग्याच्या रूपाने येतो आणि त्यात दडलेला युक्तिवाद शोधून काढावा लागतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात रोग्यांना मारतात, त्यांच्या शरीरातून तेल काढतात, अशा वदंता तेव्हा पसरल्या होत्या. सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांना अडाणीपणा म्हटले. परंतु घरचे लोक रोग्याला शक्य तोवर लपवत, त्यामुळे तो अखेरच्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचे आणि बहुधा दगावे, हे वस्तीतील लोक डोळ्यांनी पाहत होते. त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता, निरीक्षण चुकीचे नव्हते. शिवाय भयामुळे लपवणे, लपवल्यामुळे मृत्यू आणि मृत्यूमुळे अधिक भय असे हे चक्र निव्वळ उपदेशाने तुटणारे नव्हते.

फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले आणि पुण्यात गोरे सोल्जर घरोघर झडती घेऊ लागले. प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येते. म्हणून तपासणी म्हणजे परपुरुषासमोर अंग उघडे करणे, असा तिचा अर्थ स्त्रियांच्या दृष्टीने होत होता. येथे लोकांचा विरोध औषधाला नसून अप्रतिष्ठेला होता आणि त्याला वैद्यकशास्त्राच्या आधारे दिलेले उत्तर अप्रस्तुत ठरत होते.

समजुती केवळ शासितांच्याच होत्या असेही नाही. रोगाचे मूळ घाणीत व दूषित हवेत आहे या धारणेतून गटारे धुतली जात होती, घरांत कार्बोलिक शिंपडले जात होते. उंदरांवरील पिसवांमार्फत रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले, तरी ते सर्वमान्य होण्यास बरीच वर्षे लागली. उलट घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहण्याचा लोकांचा रिवाज शास्त्राच्याही कसोटीला उतरणारा होता.

ज्या उपायांनी विरोधाचे मूळ कारण ओळखले, त्यांनाच थोडे यश आले. वेगवेगळ्या समाजांना स्वतःची रुग्णालये चालवण्याची मुभा मिळाली, पुण्यात टिळक प्रभृतींनी हिंदू प्लेग रुग्णालय काढले आणि तेथे रोग्याला आपल्या माणसांची व आपल्या आचारांची सोबत राहिली. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली; लस घेणाऱ्याची शंका टोचणाऱ्याच्या हेतूविषयीही असल्याने, हे आकडेवारीहून वेगळ्या प्रकारचे उत्तर होते.

समजुतीची कारणे उलगडली म्हणून ती खरी ठरत नाही. तेल काढण्याची वदंता खोटीच होती आणि तिचे खंडन आवश्यकच होते. परंतु कारणे तपासल्यावर निरीक्षण कोणते, अनुमान कोणते आणि रास्त गाऱ्हाणे कोणते हे वेगळे करता येते. मग निरीक्षण स्वीकारावे, अनुमान खोडावे आणि गाऱ्हाण्याचे निवारण करावे. ही निवड न करता सरसकट खंडन करणारा गाऱ्हाणेही खोटे ठरवतो आणि त्यामुळे त्याचे खरे बोलणेही कोणी ऐकत नाही.