वरदानातली फट

धानाची मळणी उरकली की आपल्या गोंदिया-भंडाऱ्यापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत सगळ्या झाडीपट्टीत नाटकांचे मांडव उभे राहतात. बांधी खणून केलेली बैठक, वर ताडपत्री, अंगावर घोंगडी, आणि नाटक पार उजाडेपर्यंत. लहानपणी अशाच एका मांडवात मी पहिल्यांदा खलनायक जवळून पाहिला. विधवेची जमीन लिहून घ्यायला सावकार तिच्या दारात आला होता. तो ओरडला नाही, मिशीला पीळही दिला नाही. उंबऱ्यापाशी तिची चप्पल उलटी पडली होती. खाली वाकून त्यानं ती सुलटी करून ठेवली, आणि मग अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली. माझ्या शेजारी बसलेल्या आजीनं कडाकडा बोटं मोडली. हातातल्या तलवारीनं माणूस खलनायक होत नाही, हे मला त्या चपलेनं शिकवलं.

आजचा विषय थोडा वेगळा वाटेल. संगणकावर डावपेचांचे अद्भुत खेळ असतात. त्यांत प्रत्येक पक्षाची फौज असते आणि त्या फौजेचे काही नायक असतात. दुष्ट पक्षालाही नायक लागतातच. गेली दोन वर्षं माझी भाची आणि मी असा एक खेळ कागदावर मांडतो आहोत. त्यातली असुरांची फौज माझ्याकडे आहे. तो असुर पुराणाशी आणि लोककथेशी इमान राखून कसा घडवायचा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

बाहेरच्या जगात हे काम चांगलं झालेलं आहे. 1999 साली आलेल्या ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3’ या खेळात मढ्यांची एक नगरी आहे. तिचे मांत्रिक लढाई जिंकले की पडलेल्यांतले काही जण सांगाडे होऊन त्यांच्याच फौजेत उभे राहतात. प्रेतं उठवणारा मांत्रिक ही कथा, आणि विजयागणिक फुगत जाणारं सैन्य हा नियम. दोन्ही एकच आहेत, शिवण कुठे दिसत नाही. आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 साली ‘राजी’ हा खेळ आणला. त्यात महाबलासुर आहे. डावपेचांचा नाही, अंगानं लढायचा खेळ आहे तो. पण आपला असुर आपल्या माणसांनी पडद्यावर आणला, याचा मला मनापासून आनंद झाला.

आता असुरांकडे येऊ. इतर देशांतल्या राक्षसांपेक्षा आपले असुर मला खेळासाठी फार सोयीचे वाटतात, आणि त्याचं कारण आहे वर. आपला असुर जन्मजात अजिंक्य नसतो. तो तप करतो, वर मागतो, आणि मागताना एक फट ठेवून जातो. हिरण्यकशिपूनं दिवस आणि रात्र मागितली, संध्याकाळ राहिली. घर आणि अंगण मागितलं, उंबरा राहिला. शस्त्रं सगळी मागितली, नखं राहिली. खेळ बनवणारा आठवडाभर डोकं खाजवून जे मांडतो, ते पुराणानं एका वाक्यात दिलेलं असतं: बळ कुठे आहे आणि ते कुठे संपतं. मग आपण त्याच असुराला नुसती मोठी गदा आणि आगीचे गोळे देतो, तेव्हा त्याचं सगळं व्यक्तित्वच फेकून देतो.

रक्तबीजाचं उदाहरण घ्या. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तेवढ्याच ताकदीचा दुसरा उभा राहतो. हा नियम आम्ही घरी ओसरीवर खडूनं चौकटी आखून तपासला. भाचीच्या सैनिकांना करंजाच्या बिया, माझ्या रक्तबीजाला एक चिंचोका. प्रत्येक घावाला मी शेजारच्या घरात एक चिंचोका वाढवायचा. भाची लढवय्यी, तिनं सगळ्या बिया पुढे घातल्या. चौथ्या खेपेला ओसरीवर चौदा चिंचोके झाले. ती थांबली. बराच वेळ चौकटींकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मामा, मी मारलंच नाही तर?” तिनं घाव थांबवले, बियांचा वेढा टाकला आणि मला जागीच अडवून धरलं. त्यानंतर आम्ही काली आणली. पुराणात देवी घाव घालते आणि काली तोंड पसरून रक्त वरच्यावर पिते. म्हणून आमची काली संथ चालते, एका खेपेला एकच घर. पण ती शेजारच्या घरात येऊन उभी राहिली की घावाला चिंचोका वाढत नाही. कथेत जे घडलं तेच भाचीनं ओसरीवर घडवलं, आणि मी तिला पुराणातलं एक अक्षरही आधी सांगितलं नव्हतं.

रावणाला सगळे दहा तोंडांचे दहा हल्ले देतात. मला ते पटत नाही. त्याची फट बघा: देव, दानव, यक्ष यांच्यापासून त्यानं अभय मागितलं, आणि माणसाला मोजलंच नाही. ती तुच्छता हाच त्याचा स्वभाव. म्हणून आमच्या खेळात त्याच्यावर दिव्य अस्त्रांचं काही चालत नाही. महागड्या देवसेना त्याच्यापुढे निष्प्रभ. त्याला पाडतात ती सगळ्यांत स्वस्त प्यादी, माणसं आणि वानरं. ज्यांना खेळणारा सुरुवातीला बिनकामाची म्हणून मागे ठेवतो, तीच.

आणि मणी-मल्ल! दोघे सख्खे भाऊ, दोघांची खंडोबाशी एकच लढाई, पण शेवट किती वेगळा. मणी शरण आला, आपला पांढरा घोडा त्यानं देवाला दिला आणि देवाजवळ कायमची जागा मागितली. मल्लानं शेवटपर्यंत मान तुकवली नाही. त्याचं मस्तक पायरीशी गेलं, पण देवाच्या नावात आधी त्याचं नाव आलं. मल्लारी, म्हणजे मल्लाचा अरी. हरलेला मणी घोड्यासकट तुमच्या बाजूला येतो. हरलेला मल्ल कधीच येत नाही, पण जिंकणाऱ्याला पुढचा सगळा खेळ त्याचं नाव मिरवावं लागतं. याहून नेमके दोन नायक मला तरी कल्पनेनं सुचले नसते.

इथे एक जबाबदारीही येते. जोतीराव फुल्यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त असुरराजा बळीचं राज्य उभं केलं, त्याचे अधिकारी नेमले, म्हसोबाच्या नावात ‘महासुभा’ हे अधिकारपद वाचलं. अकोला जिल्ह्यात सांगोळ्याला दशमुखी रावणाची काळ्या पाषाणाची मूर्ती पुजली जाते. मेळघाटातले कोरकू मेघनाथाला मानतात. तुम्ही ज्याला दुष्ट फौजेत घालता, त्याच्यापुढे कुणीतरी आज सकाळीच नारळ फोडलेला असतो. त्यामुळे आमच्या वहीत प्रत्येक असुराच्या पानावर पहिली ओळ असते: याला कोण मानतं? त्याचं उत्तर मिळेपर्यंत आम्ही त्याला आकडे देत नाही. यामुळे खेळ मवाळ होत नाही. चप्पल सुलटी करणारा सावकार मवाळ होता का?

आपल्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. गोंडी परंपरेत सांगतात, तेहतीस मुलांना तिथल्या गुहेत कोंडून दारावर प्रचंड शिळा लावली होती. गोंडांचा गुरू लिंगो यानं त्यांना सोडवायचं ठरवलं. वादक हिरासुकानं किंगरी वाजवली, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं आणि आतून शिळा हलली. पण तिच्याखाली हिरासुका गेला. कोंडलेल्या मुलांच्या फौजेचा नायक म्हणून भाचीला हिरासुका घडवायचा आहे. त्याची ताकद तिनं लगेच लिहिली: तो स्वतः मारत नाही, तो वाजवतो तेव्हा कोंडलेल्यांचं बळ वाढतं, आणि शेवटची शिळा हलली की तो पटावरून उठतो. पण समोरच्या बाजूला कुणाला ठेवायचं? मुलांना कोंडणारा तर शंभू, जो गोंडांना परमपूज्य आहे. माझ्या सगळ्या असुरांचे नियम इथे थिटे पडतात.

ते पान अजून कोरं आहे. एका कोपऱ्यात भाचीनं किंगरीचं चित्र काढून ठेवलं आहे. येत्या माघ पौर्णिमेला आम्ही दोघं वही घेऊन धनेगावहून गुहेकडे चढणार आहोत. तिथे जत्रेला येणाऱ्या जाणत्या माणसांजवळ बसून ती कथा पुन्हा पहिल्यापासून ऐकायची, आणि हिरासुका खेळात आलेला चालेल का, ते त्यांनाच विचारायचं आहे.