तीन हजार एकशे त्रेपन्न मतं: निसटत्या निकालाचा हिशोब

(वसई येथील मतदार जागृती मेळाव्यात जून २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी राजकारणातला माणूस नाही. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आयोजकांनी मला एवढंच सांगितलं की, विधानसभेच्या निकालाचे आकडे सोप्या भाषेत समजावून सांगा. कोणाला मत द्यावं किंवा कोणाला देऊ नये, हे मी सांगणार नाही. थोड्या मतांनी लागलेला निकाल कसा वाचायचा आणि त्यातून आपण कोणतं काम हाती घ्यायचं, एवढंच बोलणार आहे.

सुरुवात आपल्याच मतदारसंघापासून करू. २३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला. वसईत भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांना ७७,५५३ मतं मिळाली. बहुजन विकास आघाडीचे हितेंद्र ठाकूर यांना ७४,४०० आणि काँग्रेसचे विजय पाटील यांना ६२,३२४. पहिल्या दोघांत फरक ३,१५३ मतांचा.

आता त्याच्या शेजारी २०१९ चे आकडे ठेवा. तेव्हा हितेंद्र ठाकूर १,०२,९५० मतं घेऊन निवडून आले होते. दुसऱ्या क्रमांकावर होते विजय पाटीलच, पण तेव्हा ते शिवसेनेकडून लढत होते आणि शिवसेना-भाजपची युती होती. त्यांना ७६,९५५ मतं मिळाली होती. म्हणजे २०१९ मध्ये ७६,९५५ मतं घेणारा उमेदवार जवळपास २६ हजारांनी पडला आणि २०२४ मध्ये ७७,५५३ मतं घेणारा उमेदवार निवडून आला. या दोन आकड्यांत फरक किती? फक्त ५९८.

जिंकणाऱ्या बाजूची मतं फार वाढली नाहीत. हरणाऱ्याची २८,५५० मतं कमी झाली आणि लढत तिरंगी झाली. पहिल्या तिघांच्या मतांची बेरीज केली, तर विजयी उमेदवाराचा वाटा साधारण ३६ टक्के येतो. यात बेकायदा काही नाही. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं, तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं लागतात असा नियम नाही. पण 'वसईने कौल दिला' असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या कौलाच्या पोटात काय आहे, हे माहीत असलेलं बरं.

बहुजन विकास आघाडीच्या २०१९ मध्ये तीन जागा होत्या: वसई, नालासोपारा आणि बोईसर. २०२४ मध्ये एकही राहिली नाही. वर्तमानपत्रात 'तीनवरून शून्य' असं छापून आलं की तिन्ही ठिकाणी सारखंच घडलं असं वाटतं. प्रत्यक्षात नालासोपाऱ्यात क्षितिज ठाकूर ३६,८७५ मतांनी हरले, बोईसरमध्ये राजेश पाटील ४४,४५५ मतांनी. निसटता निकाल एकट्या वसईचा. आणि हेच बोईसर २०१९ मध्ये आघाडीने अवघ्या २,७५२ मतांनी जिंकलं होतं. थोड्या मतांनी मिळालेली जागा ही उसनवारीची जागा असते. पुढच्या पाच वर्षांत ती पक्की केली नाही, तर हातातून जाते.

हेच चित्र राज्यभर पाहू. २०१९ मध्ये भाजपला सुमारे २५.७५ टक्के मतं आणि १०५ जागा होत्या. २०२४ मध्ये सुमारे २६.७७ टक्के मतं आणि १३२ जागा. मतं एक टक्क्याने वाढली, जागा २७ ने वाढल्या. दुसरं उदाहरण घ्या. काँग्रेसला १२.४२ टक्के मतं मिळाली, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला १२.३८ टक्के. जवळजवळ सारखीच. जागा मात्र काँग्रेसच्या १६ आणि शिवसेनेच्या ५७. काँग्रेसने जागा जास्त लढवल्या होत्या, त्यामुळे तिची मतं अधिक ठिकाणी पसरली, हे लक्षात घ्यायला हवं. तरीही एवढी तफावत पडते, कारण मतं किती मिळाली याच्याइतकंच ती कुठे मिळाली, मित्रपक्षाची किती वळली आणि समोर किती उमेदवार होते, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून जागांच्या आकड्यावरून 'सगळा महाराष्ट्र इकडे गेला' असं म्हणणारे चुकतात, आणि जिंकणाऱ्यांना कोणी मतंच दिली नाहीत असं म्हणणारेही चुकतात.

आता जरा अवघड विषयाकडे येतो. निकालानंतर चहाच्या टपरीवर, रिक्षा स्टँडवर, व्हॉट्सअॅपवर एकच प्रश्न होता: कोणामुळे हरले? कोणी म्हणालं मुस्लिमांनी मतं फोडली. कोणी ख्रिस्ती समाजाकडे बोट दाखवलं, कोणी उत्तर भारतीयांकडे, कोणी आगरी-वाडवळांकडे. आपल्यातलेही काही लोक एकमेकांना विचारत होते, 'तुम्ही तिकडे का गेलात?'

विरार लोकलमध्ये सकाळी काय होतं, ते आठवा. डबा आधीच खच्चून भरलेला असतो. शेवटी एक जण दारात लटकतो आणि सगळे त्याच्यावर ओरडतात, 'तुझ्यामुळे गर्दी झाली!' गर्दी आतल्या प्रत्येकामुळे झालेली असते. पण शिव्या शेवटी चढलेल्याला.

३,१५३ मतांच्या फरकाचंही असंच आहे. ज्या कुठल्या गटाची मतं ३,१५३ पेक्षा जास्त, तो प्रत्येक गट 'निर्णायक' ठरवता येतो. वसईत साधारण साडेतीन लाख मतदार आहेत. त्यातल्या सव्वा लाखाहून जास्त लोकांनी मतच दिलं नाही. ते फरकाच्या जवळपास चाळीसपट आहेत. त्यांना कोणी जाब विचारला? तिसऱ्या क्रमांकाची मतं फरकाच्या जवळपास वीसपट आहेत. फरक जितका लहान, तितकी 'यांच्यामुळे झालं' असं म्हणण्यासाठी कारणं जास्त. त्यातून एकच समाज उचलायचा आणि दोष त्याच्या माथी मारायचा, याला हिशोब म्हणत नाहीत. आपणही तो दोष निमूटपणे घेऊ नये आणि दुसऱ्यावर ढकलूही नये.

'मतविभागणी' या शब्दाबद्दलही एक गोष्ट. औरंगाबाद पूर्वमध्ये भाजपचे अतुल सावे यांनी एमआयएमचे इम्तियाज जलील यांचा २,१६१ मतांनी पराभव केला. तिथे काँग्रेस, वंचित आणि समाजवादी या तिन्ही पक्षांच्या उमेदवारांना प्रत्येकी २,१६१ हून जास्त मतं मिळाली. मग दोष यातल्या कोणाचा? तिघेही म्हणतील की आमचे मतदार आमचेच होते. उलट मालेगाव मध्य पाहा. एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ मतं, आसिफ शेख रशीद यांना १,०९,४९१. फरक १६२. दोघेही मुस्लिम, दोघांनाही लाखाच्या वर मतं. 'मुस्लिम मतं एकगठ्ठा पडतात' असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा. आपल्या समाजातही दोन मतं असतात, आणि ती असणं ही लोकशाहीतली साधी गोष्ट आहे.

अशी यादी लांबवता येईल. नवी मुंबईच्या बेलापूरमध्ये मंदा म्हात्रे ३७७ मतांनी जिंकल्या, साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी. २०१९ मध्ये चांदिवलीत नसीम खान ४०९ मतांनी हरले होते. राजस्थानात २००८ मध्ये नाथद्वारामधून काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी एका मताने हरले. फेब्रुवारी २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत गिरगावच्या प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना समान मतं पडली. चिठ्ठी काढली, शहा निवडून आले. त्या निवडणुकीत शिवसेना ८४ आणि भाजप ८२ वर थांबली. म्हणजे त्या चिठ्ठीलाही वजन होतं.

आता कामाचं बोलू. वसईत साडेतीन लाख मतदार, एका केंद्रावर साधारण हजार धरले, तर साडेतीनशे केंद्रं होतात. ३,१५३ ला साडेतीनशेने भागा. एका केंद्रावर नऊ मतं. आणि जिंकणाऱ्याची १,५७७ मतं दुसऱ्या क्रमांकाकडे गेली असती, तरी निकाल फिरला असता. ती एका केंद्रावर पाचसुद्धा होत नाहीत. एका इमारतीत यादीत नसलेली माणसं किती आहेत, ते मोजून पाहा. नऊपेक्षा कमी क्वचितच निघतील.

आपल्या भागात याची कारणं उघड आहेत. कुर्ला, जोगेश्वरी, गोवंडीहून लोक इथे राहायला आले. नाव अजून तिकडच्या यादीत. भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलते. पत्ता बदलत नाही. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरी राहतं. शिवाय आपल्या नावांचा एक खास घोळ आहे. मोहम्मद, महंमद, मुहम्मद, मो. ही आपल्यासाठी एकच गोष्ट. संगणकासाठी चार वेगळे शब्द. उलट एकाच गल्लीत चार 'शेख मोहम्मद' असतील, तर दुबार नावं शोधताना चौघांकडेही संशयाने पाहिलं जाऊ शकतं. हे माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून ठामपणे सांगतो: आधार, रेशनकार्ड आणि मतदार यादी यांत नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. वडिलांचं किंवा पतीचं नाव पूर्ण लिहा.

नवं नाव घालण्यासाठी फॉर्म ६. पत्ता बदलणं किंवा दुरुस्ती यासाठी फॉर्म ८. आता वर्षातून चार अर्हता तारखा असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा वर्षं पूर्ण झालेली मुलं आगाऊ अर्ज करू शकतात. फॉर्म ७ नीट समजून घ्या. तो नाव वगळण्यासाठी आहे, आणि त्याच मतदारसंघातला दुसरा मतदारही तुमच्या नावावर हरकत घेऊ शकतो. अशी हरकत आली तर तुम्हाला नोटीस मिळायला हवी आणि म्हणणं मांडायची संधीही. खोटी माहिती देऊन हरकत घेणं हा गुन्हा आहे. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी यादीत आपलं नाव पाहायची सवय लावा. मतदानाच्या सकाळी केंद्रावर जाऊन भांडण्यात काही अर्थ नसतो.

मतमोजणीबद्दल शंका असतात. शंका घेणं हा नागरिकाचा हक्कच आहे, पण ती कागदावर घ्या. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एकूण मतांचा हिशोब फॉर्म १७-सी मध्ये भरतो आणि हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना त्याची प्रत मिळते. मोजणीच्या वेळी तोच आकडा यंत्राशी जुळवायचा असतो. ज्या केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी दुपारी जेवायला गेला तो परतलाच नाही, तिथे त्या उमेदवाराकडे पुरावाच नाही. निकाल जाहीर होण्याआधी उमेदवार लेखी फेरमोजणी मागू शकतो. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले, तेव्हा रद्द ठरलेली टपाली मतं पुन्हा तपासली गेली होती. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. शेचाळिसाव्या दिवशी फक्त व्हॉट्सअॅप उरतं. आपल्या तरुणांनी आपापल्या पसंतीच्या कोणत्याही पक्षाकडून मतदान प्रतिनिधी म्हणून बसावं, पण अखेरपर्यंत बसावं.

हे आत्ता का सांगतोय? वसई-विरार महापालिकेची निवडणूक २०१५ ला झाली. जून २०२० मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर प्रशासक होता. पाणी, गटार, कचरा, दवाखाना, कब्रस्तान: तक्रार घेऊन जायला पाच वर्षं नगरसेवकच नव्हता. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घेण्यास सांगितलं होतं. महापालिकेसाठी वेगळी मतदार यादी बनत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागानुसार फोडली जाते. विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर महापालिकेतही नाही. यादी फोडताना अख्खी इमारत शेजारच्या प्रभागात गेली, तर प्रारूप यादीवर मुदतीत हरकत घ्यावी लागते. आणि विधानसभेत हजारांनी मोजला जाणारा फरक प्रभागात शेकड्यांनी, कधी दहा-वीसांनी मोजला जातो.

म्हणून माझी विनंती छोटी आहे. प्रत्येक सोसायटीतून, प्रत्येक चाळीतून दोन जण पुढे या, एक मुलगा आणि एक मुलगी. आपल्या केंद्राची यादी छापून घ्या. घरोघरी जा. जात-धर्म न पाहता जा. शेजारच्या मावशींचं नाव सुटलं असेल तर त्यांचाही फॉर्म भरून द्या. मत कोणाला देणार, हे कोणालाही विचारू नका. तीन रकाने पुरेत: नाव आहे, नाव नाही, नाव चुकलंय. वयस्कर माणसांना केंद्रापर्यंत कोण नेणार, तेही तिथेच लिहून ठेवा.

बाहेरच्या टेबलावर कोरे फॉर्म ठेवले आहेत. घरी जाताना प्रत्येकाने निदान नऊ घ्या. नऊच का, ते आता तुम्हाला माहीत आहे.